आजीचं माहेरचं नाव

मैत्रिणींनो, परवा ताडकळसला पुतण्याचं लग्न होतं. ताटातल्या तांदळावर त्यानं अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं. मी सहज सासूबाईंना विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय हो?" त्या लाजल्याच. "आता गं कशाला ते? साठ वर्षांत कुणी विचारलं नाही!"

डॉ. आनंदीबाई जोशींचंच बघा. जन्म १८६५ चा, माहेरची यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं नि आनंदी झाली. १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून बोटीनं अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली, आणि परत आल्यावर १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली. बावीसही पुरी नव्हती हो! तिथे जिनं तिला लेकीसारखं घरात ठेवून घेतलं, त्या कार्पेंटरबाईंच्या घराण्याच्या दफनभूमीत, पकिप्सी गावी, तिच्या अस्थी आहेत. परक्यांनी तिचं नाव दगडावर कोरलं. आपल्या वंशावळीत मात्र बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. आई कुठेच नाही!

तेव्हा एक वही घालाच. आजीला, आत्याला माहेरचं नाव, आडनाव, गाव विचारा. किती लेकरं झाली, किती जगली, तेही. (हे विचारताना जवळ बसा, घाई नको.) साल आठवत नसेल तर "रझाकाराच्या आधी की नंतर? बाहत्तरच्या दुष्काळात?" असं विचारलं की बरोबर सांगतात. शाईनं लिहू नका, ओल लागली की पसरते, शिसपेन्सिल बरी. वही पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवा, कसर लागणार नाही.