स्वस्तात जंगल दाखवताना विचारायचे पाच प्रश्न



दिवाळी आटोपली की आमच्या झरीच्या घरी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. यंदा अमेरिकेतून नणंद, नंदोई आणि त्यांची दोन मुलं आली होती. भद्रावतीला केशरिया पार्श्वनाथांचं दर्शन ठरलेलंच होतं. त्यानंतर एक दिवस मोकळा राहत होता. जेवताना भाची म्हणाली, "मामी, तुमच्याकडे वाघ आहेत ना? पण महाग नको हं, पप्पा पुन्हा ओरडतील."

हे "पुन्हा" काय, ते नणंदेने सांगितलं. मागच्या वर्षी ते कॅरिबियन समुद्रात क्रूझवर गेले होते. जहाज सकाळी एखाद्या बेटाला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. तेवढ्या वेळात काय बघायचं ते आधीच निवडून पैसे भरायचे. मुलांनी डॉल्फिनसोबत पोहायचं निवडलं. एवढा समुद्र समोर असताना डॉल्फिन मात्र हौदात. शिट्टी वाजली की उडी, उडी मारली की मासा. "वहिनी, पैसे गेले त्याचं काही नाही. पण धाकट्याने विचारलं, मासा उडीनंतरच का देतात? मला काही उत्तर देता आलं नाही."

त्याचं उत्तर आपण प्रतिक्रमणात नेहमी म्हणतो, फक्त सहलीच्या वेळी ते आठवत नाही. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवा: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाण्याचा निरोध. घरच्या गाईगुरांसाठी सांगितलेले हे नियम मला सहलीच्या तिकिटालाही अगदी लागू वाटतात. त्या रात्री मी त्यांचे पाच प्रश्न केले.

प्राणी डांबलेला किंवा बांधलेला आहे का? त्याला मारून शिकवलंय का? त्याचा एखादा अवयव कापलाय का, जसे पोपटाचे पंख? त्याच्या पाठीवर झेपणार नाही इतकं ओझं आहे का, जसा थंड हवेच्या गावातला दिवसभर फिरणारा घोडा? आणि त्याचं खाणंपिणं खेळावर अवलंबून आहे का? धाकट्याचा प्रश्न हा पाचवाच होता.

आपल्या देशाचा कायदाही हळूहळू याच वाटेने गेला आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर १९९८ मध्ये बंदी आली. डॉल्फिनचे हौद उभारायला केंद्र सरकारने २०१३ मध्ये मनाई केली.

आता आमच्यापुढे तीन पर्याय होते. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातली सफारी, पण सुट्टीचे दिवस, दर चढे आणि आरक्षण आधीच भरलेलं. दुसरा, रस्त्यावरचं एक करमणुकीचं ठिकाण. तिथे उंटावर बसायचं, पिंजऱ्यातले पक्षी बघायचे, वर जेवण. सगळ्यांत स्वस्त तेच होतं. तिसरा आपल्या पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य.

दुसऱ्या पर्यायावर मी काट मारली तेव्हा नंदोई हसले. "वहिनी, ते पक्षी तर आधीच पिंजऱ्यात आहेत. आपण नाही गेलो तर सुटणार आहेत का?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण आपल्याकडे पाप करणं, करवणं आणि त्याला अनुमोदन देणं, तिन्ही मोजतात. तिकीट म्हणजे अनुमोदनच. आपण दिलेल्या पैशातून पुढचा पक्षी विकत आणला जातो. तिकीट कमी असलं तरी उरलेली किंमत तो पक्षी भरतो.

टिपेश्वर आम्हाला परवडलं, त्याला साधी कारणं होती. आम्ही आठवड्यातला मधला दिवस घेतला. जिप्सीचं भाडं गाडीमागे असतं, माणसामागे नाही, म्हणून आम्ही सहा जणांनी मिळून एकच गाडी केली. मुक्काम घरीच. डब्यात दशम्या, खाखरे आणि गाळून उकळलेलं पाणी. सकाळचीच फेरी घेतली, कारण दुपारच्या फेरीत परतायला उशीर होतो आणि चौविहार सांभाळताना धांदल उडते. सकाळी मात्र नवकारसीची वेळ होईपर्यंत आपण जंगलातच असतो, भुकेची आठवणही होत नाही. फक्त पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा अभयारण्य बंद असतं. आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी थांबतात, तेच महिने जंगलालाही निवांत मिळतात, हे मला फार आवडतं.

पण मैत्रिणींनो, सफारीत सगळं आपोआप निर्दोष असतं असं समजू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पिंजरा नव्हता, तरी तो बंधच. आम्ही निघण्याआधीच चालकदादांना सांगितलं, "वाघ दिसला नाही तरी चालेल, गाडी कुणाच्या वाटेत घालू नका." ते म्हणाले, "ताई, असं सांगणारे कमी असतात."

आम्हाला वाघ दिसला नाही. चितळ दिसले, नीलगाय दिसली, मोर दिसले. धुळीत वाघाच्या पंजांचे ताजे ठसे होते. सोबतच्या गाईडदादांनी मुलांना याच जंगलातल्या "वॉकर" वाघाची गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये तो इथून निघाला आणि शेतं, रस्ते, गावं ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट कळली. भाची ठशाशेजारी आपला हात हवेत धरून माप घेत राहिली.

परतताना मी नणंदेला दुसरी गोष्ट सांगितली, मुलं झोपल्यावर. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या झरी जामणीतल्याच मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक गर्भवती वाघीण गुहेत मारलेली सापडली. तिचे पंजे कापून नेले होते. छविच्छेद हा शब्द मी लहानपणापासून म्हणत आले, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आणि दुसरी बाजूही खरी आहे. आपल्या भागात कापूस वेचायला जाणाऱ्या बाया जीव मुठीत धरून शेतात जातात. वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, गुरं तर नेहमीच जातात. वाघाशेजारी राहण्याची किंमत ही गावं भरतात. म्हणून जंगल बघायला दिलेले पैसे त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवेत. आमचे गाईडदादा जवळच्याच गावचे होते. आम्ही त्यांच्याशी घासाघीस केली नाही. काटकसर करायचीच तर ती डब्यात, मुक्कामात आणि वारात करावी. जंगल सांभाळणाऱ्या माणसाच्या मजुरीत आणि मुक्या जिवाच्या खाण्यात करू नये.

तुमच्याही घरी सुट्टीत पाहुणे येतील, मुलं हट्ट करतील. दर विचाराच, आपण घर चालवणाऱ्या बायका आहोत. पण दराआधी हे पाच प्रश्न विचारा.

अमेरिकेला पोहोचल्यावर धाकट्याचा फोन आला. म्हणाला, "मामी, वाघ दिसला नाही, पण त्याला कुणी मासा दाखवून बोलावलंही नाही ना?"

नाही रे बाळा. त्याला यायचं नव्हतं, म्हणून तो आला नाही.