नफ्याच्या शाळेतून लोकनीतीकडे

वाणिज्य आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्या घेतलेले अनेक तरुण आज लोकनीतीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी अर्ज करीत आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने असा अभ्यासक्रम २०१४ साली सुरू केला. पुढे इतरत्रही, विशेषतः खाजगी विद्यापीठांतून, तो निघाला. कंपनीची वाट सोडून लोकांच्या प्रश्नांकडे येऊ पाहणाऱ्या तरुणाची टिंगल करण्याचे आपणास काहीच कारण नाही. मात्र तो येताना बरोबर काय आणीत आहे, हे विचारण्याचा जनतेला अधिकार आहे.

प्रवेश-अर्जात प्रत्येकाला आपला हेतू लिहावा लागतो. खाजगी क्षेत्राची कार्यक्षमता सरकारी कारभारात आणावयाची आहे, असे लिहिण्याचा मोह या उमेदवाराला सहज होतो. वाक्य निरुपद्रवी दिसते. परंतु कार्यक्षमता कोणाच्या दृष्टीने मोजावयाची, हे त्यात सांगितलेले नसते. ज्याची खरेदी करण्याची ऐपत नाही, तो माणूस कंपनीच्या लेखी ग्राहकच नव्हे. लोकनीतीचा आरंभ मात्र नेमका त्याच माणसापासून होतो.

रेशनव्यवस्थेचेच उदाहरण घ्या. जून १९९७ मध्ये केंद्र सरकारने सार्वत्रिक वाटपाचे तत्त्व मोडून ‘लक्ष्यित’ सार्वजनिक वितरण व्यवस्था आणली. युक्तिवाद व्यवस्थापकी वळणाचा होता : अनुदान केवळ गरजूंना द्यावे, उरलेला खर्च वाचवावा. दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी कुटुंबांची फाळणी झाली. पाहणीतील चुकांमुळे असंख्य कष्टकरी कुटुंबे कागदोपत्री रेषेच्या ‘वर’ गेली, आणि २००० साली रेषेवरील कार्डांचे भाव वाढविण्यात आल्यावर त्यांची धान्याची उचल कोसळली. परिणाम काय झाला? २००२ च्या मध्यास सरकारी गोदामांत ६ कोटी टनांहून अधिक धान्य पडून होते. आणि त्याच काळात देशाच्या दुष्काळी व आदिवासी भागांतून उपासमारीच्या वार्ता येत होत्या.

व्यवस्थापनाचा विद्यार्थी या आकड्याला ‘जादा साठा’ म्हणेल आणि साठवणुकीचा खर्च कसा कमी करावा याचा विचार करू लागेल. सर्वोच्च न्यायालयात २००१ साली दाखल झालेल्या याचिकेने मात्र भरलेल्या कोठारांशेजारची भूक हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला. आकडा एकच, परंतु त्याकडे पाहणाऱ्या दृष्टी दोन. तामिळनाडूने सार्वत्रिक रेशन सोडले नाही. तेथे रेषेच्या चुकीपायी कोणाची शिधापत्रिका निकामी झाली नाही. अशा वेळी ‘अकार्यक्षम’ कोणास म्हणावयाचे?

याचा अर्थ हिशेबाची विद्या टाकाऊ आहे, असा मुळीच नाही. राजस्थानात १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरपासून जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली, आणि कागदावरची मजुरी प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडली नाही, हे मजुरांनीच उघडे पाडले. त्या लढ्याचा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या घडणीत मोठा वाटा आहे. केरळात १९९६ साली डाव्या आघाडीच्या सरकारने जनयोजना मोहीम आरंभिली आणि राज्याच्या योजनानिधीचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविला. त्यांच्या प्रकल्पांची छाननी करण्यास निवृत्त तज्ज्ञ स्वयंसेवक म्हणून पुढे आले. ताळेबंद वाचता येणाऱ्या माणसाची गरज अशा ठिकाणी पदोपदी भासते. विद्या तीच असते. ती कोणाच्या चाकरीस लावावयाची, एवढाच प्रश्न असतो.

आणि या शाळांचे दार कोणासाठी उघडे आहे? भरमसाट शुल्क घेणाऱ्या खाजगी संस्थेत शेतमजुराची मुलगी प्रवेश कसा घेणार? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या ४५ वरिष्ठ जागा थेट बाहेरून भरण्याची जाहिरात निघाली. त्यांत आरक्षणाची तरतूद नव्हती. देशभर विरोध होताच ती तीन दिवसांत मागे घ्यावी लागली. पैशाच्या बळावर शिक्षण आणि शिक्षणाच्या बळावर आरक्षणाविना अधिकारपद, ही साखळी पुरी झाली तर धोरण आखणारे आणि धोरण सोसणारे हे दोन वर्ग कायमचे वेगळे पडतील. म्हणून लोकनीतीचे शिक्षण सार्वजनिक विद्यापीठांत, परवडणाऱ्या शुल्कात आणि आरक्षणासह मिळाले पाहिजे, ही मागणी विद्यार्थी चळवळीने धसास लावली पाहिजे.

अर्ज लिहावयास बसलेल्या तरुणाला आमचे एवढेच सांगणे आहे : आधी काही महिने रेशन दुकानाच्या रांगेत, सरकारी दवाखान्याच्या ओसरीत, रोजगार हमीच्या कामावर घालवा. अंदाजपत्रकातील तरतूद आणि तेथे पोचलेला पैसा यांचा हिशेब स्वतः मांडून पाहा. संपत्तीचे केंद्रीकरण होऊ नये, असे बजावणारे राज्यघटनेचे ३९ वे कलम वाचा. मग हेतूचा रकाना भरा. आपण जनतेला कार्यक्षमता शिकवावयास निघालो नसून तिच्याकडून शिकावयास निघालो आहोत, हे ज्याला त्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिता येईल, त्याची पूर्वीची पदवी कोणतीही असो, कष्टकरी जनता त्याला आपला मानील.