कमळाचा हौद की दारची मोरपंखी?



गेल्या रविवारी आमच्या मंदिरात बैठक झाली. एका कुटुंबाला आईच्या स्मरणार्थ आवारात कमळाचा हौद बांधून द्यायचा आहे. दहा फूट बाय आठ फूट, खोली दोन फूट. जागा कोणती? तर पायऱ्यांच्या उजव्या हाताला दोन मोठ्या मोरपंखी उभ्या आहेत, ती. म्हणजे त्या तोडायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नको म्हणाले, तर एक सूनबाई पटकन बोलल्या, "काकू, तुम्ही धर्माच्या फुलाला विरोध करता?" तिथे मला नीट उत्तर सुचलं नाही. म्हणून आज इथे लिहिते.

कमळाच्या बाजूने जे सांगितलं गेलं ते खरंच आहे. सहावे तीर्थंकर पद्मप्रभ यांचं लांछन कमळ, एकविसावे नमिनाथ यांचं नीलकमळ. आपल्या धाराशिवची गोष्टसुद्धा कमळाचीच. कनकामर मुनींच्या अपभ्रंश 'करकंडचरिउ'मध्ये करकंडू राजा तेरपुरला, म्हणजे आपल्या तेरला येतो. जवळच्या डोंगरावर एक हत्ती तळ्यातलं पाणी आणि कमळ आणून वारुळाची पूजा करतो आहे, असं त्याला कळतं. वारूळ खणल्यावर आत पार्श्वनाथांची मूर्ती निघते. बैठकीत ही गोष्ट सांगून झाली आणि आता बोलायला काही उरलंच नाही, असं सगळ्यांना वाटलं.

पण करकंडूची दुसरी गोष्ट कोणी सांगितली नाही. पूर्वजन्मी तो धनदत्त नावाचा गुराखी होता. तळ्यातलं कमळ तोडून त्याने जिनदेवाला वाहिलं, त्या पुण्याने तो राजा झाला. पण चिखलाच्या हातांनी वाहिलं, म्हणून जन्माला आला तो हाताला खाज घेऊन. कर म्हणजे हात, कंडू म्हणजे खाज. नाव त्यावरूनच पडलं. काय वाहिलं हे जसं बघतात, तसं कसं वाहिलं हेही बघतात. आणि ते कमळ भरल्या तळ्यातलं होतं. धनदत्ताने त्यासाठी सिमेंटचा हौद बांधून टँकर मागवला नव्हता.

मी हे ऐकीव बोलत नाही. मीही ही हौस केली आहे. काही वर्षांपूर्वी परसात चार फूट बाय तीन फुटांचा हौद बांधून घेतला आणि नर्सरीतून कमळ आणलं. ते निघालं कुमुद. (फसू नका. कुमुदाचं पान पाण्यावर तरंगतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. कमळाचं पान गोल, बिनचिरेचं, आणि मोठं झालं की पाण्याच्या वर उभं राहतं.) पुढच्या वर्षी खरं कमळ मिळालं. तीन फुलं आली. मी रोज सकाळी जाऊन बघत बसायची. खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसायचं.

मग पाण्यात डासांच्या अळ्या दिसायला लागल्या. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, साठवलेलं पाणी उपसा, असं आरोग्य खात्याची माणसं घरोघर सांगतात, कारण अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण कमळाचा हौद दर आठवड्याला कसा उपसणार? शेजारच्या भाऊंनी गप्पी मासे आणून सोडले. मी हुश्श केलं. एका संध्याकाळी काठावर बसले होते, आणि मासे अळ्या कसे टिपतात ते डोळ्यांनी पाहिलं. आपण घरात पाणी गाळून पितो, गाळणीतले जीव जपून परत पाण्यात सोडतो. आणि परसात मी जीव मारायला मासे पाळले होते! स्वतः केलं नाही, करवून घेतलं. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींचं पाप लागतं, हे मला पाठशाळेपासून पाठ आहे. मे महिन्यात पाणी आटलं, टँकर दोन दिवस उशिरा आला, आणि मासेही गेले. डास चतुरिंद्रिय, मासा पंचेंद्रिय. तीन फुलांसाठी एवढा खर्च माझ्या खात्यावर पडला. हौद मी बुजवून टाकला.

आता पाण्याचा हिशेब. बी.कॉम. झाले आहे, सवय जात नाही. त्या मे महिन्यात मी स्टीलची पट्टी लावून मोजलं होतं. दिवसाला पाणी एक सेंटिमीटर खाली जायचं. मंदिरातला हौद ८० चौरस फुटांचा, म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. रोज एक सेंटिमीटर उडालं तर ७४ लिटर, म्हणजे पाच बादल्या. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत ७,४०० लिटर. पहिल्यांदा भरायला लागणारे साडेचार हजार लिटर वेगळे. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपण इतक्यात विसरलो? आपल्या गावात हंडे घेऊन उभी असलेली बाई मंदिराच्या हौदाकडे बघेल तेव्हा तिला धर्म दिसेल का?

मोरपंखीचा हिशेब सोपा आहे. ती सूचिपर्णी झाडांच्या जातीतली. पानं म्हणजे अंगाला चिकटलेले बारीक खवले, त्यामुळे त्यांतून पाणी कमी उडतं. माझ्या दारची मोरपंखी पहिली दोन वर्षं जपली. आता आठवड्याला एक बादली पुरते, एखादा आठवडा विसरलं तरी रुसत नाही. खाली पाणी साचत नाही, म्हणून अळ्या नाहीत. मुनियांनी तिच्यात दोनदा घरटं केलं.

तिच्यात उणं नाही असं नाही. ती मूळची चीनकडची. तिला फूल येत नाही, फळ येत नाही, लहान निळसर बोंडं येतात. शास्त्रात तिला जागा नाही. नावात मोरपंख असला तरी ती काही मुनींची पिंच्छी नव्हे. कोणी नवीन झाड लावायला विचारलं तर मी कडुलिंबच सांगेन. पण इथे प्रश्न लावायचा नाही, उभं झाड तोडायचा आहे.

श्रावकाच्या तीन गुणव्रतांत एक अनर्थदंडविरती आहे. गरज नसताना केलेलं पाप टाळायचं. त्यातला प्रमादचर्या हा प्रकार समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त वाचा. विनाकारण जमीन खणणं, विनाकारण पाणी वापरणं, विनाकारण झाड तोडणं. आमच्या हौदात तिन्ही गोष्टी एकाच पावतीवर होणार आहेत. आणि तेही मंदिराच्या दारात.

"देणाऱ्याचं मन मोडायचं का?" असं कोणी विचारेल. मोडू नये. त्या माउलीला मी ओळखत होते. घरचं सांडपाणीसुद्धा त्या झाडांना घालायच्या. त्यांच्या नावाने मंदिराच्या छताचं पाणी साठवणारी झाकणबंद टाकी बांधा. हजार चौरस फूट छतावर एक इंच पाऊस पडला तरी सुमारे २,३०० लिटर पाणी मिळतं. तिच्यावर दगडात कोरलेलं कमळ बसवा. ते सुकणार नाही आणि त्याला पाणीही लागणार नाही. अष्टद्रव्यात फुलाच्या जागी आपण केशरी तांदूळ वाहतोच ना? जिनदेवाने कधी तक्रार केली आहे का?

पुढची बैठक येत्या रविवारी आहे. ज्यांना माझं पटतं त्यांनी घरात बसून पटवून घेऊ नका, या आणि बोला. ज्यांना पटत नाही त्यांनी माझ्या घरी या. बुजवलेल्या हौदाचा काठ अजून दिसतो, तो दाखवते.

काही चुकलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.