Explainer: प्रायमर बसला म्हणजे चालला, असं नाही!

अमेरिकेत रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरणारे हौशी नेमबाज बरेच आहेत. २०२०-२१ मध्ये तिथे प्रायमरची मोठी टंचाई झाली होती. अशा वेळी मिळेल तो प्रायमर बसवण्याचा मोह होतो. तो आवरायलाच हवा.

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली धातूची चिमुकली टोपी. फायरिंग पिन आदळली की तिच्यातला मसाला भडकतो आणि आतली दारू पेटते.

गोंधळ मापामुळे होतो. ‘स्मॉल पिस्तूल’ आणि ‘स्मॉल रायफल’, दोन्ही प्रायमरचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे जेमतेम साडेचार मिमी. त्यामुळे ९ मिमी काडतुसात रायफलचा प्रायमरही आरामात बसतो. पण त्याची टोपी जाड. पिस्तुलाच्या हलक्या ठोक्याने तो पेटेलच असं नाही. ‘लार्ज’मध्ये तर रायफलचा प्रायमर उंच असतो, पिस्तुलाच्या काडतुसाबाहेर डोकावतो. मॅग्नम प्रायमरची ज्वाला अधिक जोरकस. दारू तेवढीच असली तरी दाब वाढू शकतो. (पॉइंट ४५ एसीपीच्या पुंगळ्या दोन्ही मापांत येतात, हा आणखी एक ताप!)

रिलोडिंगच्या पुस्तिकेत दारूच्या मात्रेसोबत प्रायमरही नमूद असतो, तो उगाच नाही. तो मिळत नसेल तर त्या प्रायमरसाठी दिलेली वेगळी मात्रा शोधावी, नाहीतर सरळ थांबावं.