आधी डबे, मग इंजिने

इंग्लंडमध्ये दर जानेवारीच्या सुमारास मॉडेल रेल्वेच्या हौशी मंडळींत मोठी चुळबूळ सुरू होते. हॉर्नबी ही जुनी कंपनी त्या वर्षी कोणती नवी इंजिने आणि कोणते नवे डबे काढणार, याची यादी तेव्हा जाहीर करते. यादीपूर्वी अंदाज बांधले जातात, यादीनंतर वाद होतात. काय आले यापेक्षा काय राहून गेले याचीच चर्चा अधिक. साहित्याला वाहिलेल्या पानावर हा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, काय पुन्हा पुन्हा छापावे आणि काय कधीच छापू नये हा जो प्रश्न आपल्याला ग्रंथव्यवहारात छळतो, तोच इथे प्लॅस्टिकच्या आणि पोलादी साच्यांच्या रूपात उभा असतो.

खेळणे आणि मॉडेल यांतील भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. खेळण्यातली गाडी गाडीसारखी दिसली की पुरते. मॉडेल मात्र अमुक वर्षीच्या अमुक गाडीचे असते आणि ते मापात असावे लागते. त्यासाठी मूळ आराखडे आणि छायाचित्रे जमवावी लागतात. इंजिन कुठे जतन केलेले असेल तर त्याचे लेसरने मापन करतात. मग संगणकावरचे रेखाटन आणि अखेरीस पोलादी साचे. सर्वांत मोठा खर्च या साच्यांचाच. त्यामुळे एकदा साचा तयार झाला की रंग बदलून, क्रमांक बदलून त्यातून नवनव्या आवृत्त्या काढण्याकडे उत्पादकाचा कल असतो. १९२३ साली बांधलेले 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन अशा किती रूपांत विकले गेले असेल, त्याची गणती नको. प्रसिद्ध इंजिनाला गिऱ्हाईक हमखास मिळते. ज्या कवीच्या दहा कविता सर्वांना ठाऊक असतात, त्याच दहा कवितांची निवडक आवृत्ती पुन्हा निघावी, तसा हा प्रकार.

आमची तक्रार इंजिनांच्या लोकप्रियतेविषयी नाही. इंजिन हा नायक आहे हे मान्य. पण आगगाडी म्हणजे केवळ इंजिन नव्हे. प्रवासी बसतो डब्यात. भांडणे, ओळखी, सोयरिकी, पत्त्यांचे डाव आणि निरोप, सारे काही डब्यात घडते. वसंत बापटांनी दख्खनच्या राणीवर कविता लिहिली तेव्हा त्यांची नजर इंजिनावर नव्हती, आत बसलेल्या माणसांवर होती. तरीही मॉडेलांच्या याद्यांत इंजिनांचा थाट मोठा आणि डबे मात्र त्यांच्या मागे शेपटासारखे लावलेले, हे चित्र फारसे बदललेले नाही.

या बाबतीत इंग्लंडमध्येच एक उद्बोधक प्रयोग झाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील चार आणि सहा चाकी डब्यांची मॉडेले हौशी लोकांना हवी होती. पण तेव्हा रेल्वे कंपन्या अनेक आणि प्रत्येकीचे डबे वेगळे. एका कंपनीचा डबा काढला तर दुसरीचा चाहता तो घेणार नाही. यावर हॅटन्स या विक्रेत्याने २०१९ साली तोडगा जाहीर केला: कोणत्याही एका खऱ्या डब्याची प्रतिकृती न करता, त्या काळच्या डब्यांची सामान्य लक्षणे एकत्र करून एक 'प्रातिनिधिक' डबा घडवायचा आणि तो अनेक कंपन्यांच्या रंगांत रंगवायचा. पाठोपाठ २०२० साली हॉर्नबीनेही तसेच डबे जाहीर केले. काटेकोर लोकांनी नाके मुरडली. आम्हांला मात्र यात कादंबरीकाराची युक्ती दिसते. जे कधी अस्तित्वातच नव्हते, त्यातून एका काळाचे खरे रूप उभे करता येते. हॅटन्सचे दुकान २०२४ साली बंद झाले; पण साध्या डब्यालाही स्वतंत्र वाचक, म्हणजे गिऱ्हाईक, असतो हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

आता भारताकडे वळू. इथे अशा काल्पनिक डब्याची गरजच नाही. पेरांबूरचा इंटिग्रल कोच फॅक्टरी हा कारखाना १९५५ साली स्विस सहकार्याने सुरू झाला आणि तिथल्या नमुन्याचा डबा पुढे देशभर धावला. मूळ सांगाडा एकच. त्याचा रंग आधी तांबडा होता, १९९० च्या दशकात निळा होऊ लागला. एखाद्या खास गाडीला खास रंगसंगती मिळाली. साच्याचा खर्च भरून निघत नाही, ही उत्पादकांची नेहमीची सबब इथे लटकी पडते. एका साच्यातून काही दशकांचा आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा प्रवास उभा राहू शकतो. शिवाय इंजिन एक घेणारा माणूस डबे पाच-सहा तरी घेतोच.

तरीही भारतीय गाड्यांची अचूक मॉडेले आज बहुतांशी छोटे उत्पादक आणि हौशी मंडळी थोड्या संख्येने घडवतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथली मुलांची आणि त्यांच्या आजोबांची गर्दी पाहिली तर हौसेची वाण नाही, हे पटावे.

एक तांत्रिक आक्षेप नेहमी घेतला जातो. १:८७ या प्रमाणात बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. युरोपच्या रुळांना ते माप बरोबर बसते. भारतीय ब्रॉडगेज मात्र १,६७६ मिलिमीटरचा असल्याने त्या प्रमाणात १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतर हवे. म्हणजे बाजारी रुळांवर आपली गाडी अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसणार. आमचे म्हणणे असे की, ही तडजोड पत्करावी. खुद्द इंग्रज मंडळी १९३८ सालच्या हॉर्नबी डब्लोपासून अशाच चुकीच्या रुळांवर गाड्या चालवीत आली आहेत: गाडी १:७६ ची, रूळ १:८७ चे. अनुवादातही छंद सांभाळायचा की अर्थ, हे ठरवावेच लागते. दोन्ही साधत नाहीत म्हणून कुणी अनुवाद करणे सोडत नाही.

इंजिनांविषयीही आमच्या काही अपेक्षा आहेतच. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडलेले 'डब्ल्यूडीएम-२' हे डिझेल इंजिन हवे, आणि तेही त्याच्या धापा टाकणाऱ्या आवाजासह. आजच्या मॉडेलांत आवाजाची सोय असतेच. त्याहून अधिक ओढ आहे ती बोरघाटात राबलेल्या 'खेकड्या'ची. 'डब्ल्यूसीजी-१' या विजेच्या इंजिनाला कर्मचाऱ्यांनी दिलेले हे नाव. त्यातली पहिली इंजिने स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात घडली. तिथेच बांधल्या गेलेल्या स्विस 'मगरी'ची मॉडेले मार्कलिनने पिढ्यान्‌पिढ्या विकली. तिच्या या भावंडाचे नशीब मात्र तसे उघडले नाही. 'सर लेस्ली विल्सन' हे त्या वर्गातले इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. मापे घ्यायची तर ते हजर आहे.

डब्यांचे तसे नाही, आणि म्हणूनच आम्ही डब्यांचा आग्रह आधी धरतो. पेरांबूरच्या कारखान्याने या जुन्या नमुन्याचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर काढला. जून २०२२ मध्ये दख्खनच्या राणीलाही नव्या, जर्मन घडणीवर आधारलेल्या डब्यांचा संच मिळाला. जुने डबे मोडीत निघत आहेत. काहींच्या खिडक्या बंद करून त्यांतून नव्या मोटारगाड्या वाहून नेल्या जातात. प्रसिद्ध इंजिनाला संग्रहालयात जागा मिळते. साध्या, अनारक्षित डब्याला ती सहसा कोण देणार? खिडकीचे आडवे गज, टोकाच्या खिडक्यांवरचे पिवळे तिरके पट्टे, लाकडी फळ्यांचे बाक हे सारे ज्यांना न बघता सांगता येते, ती पिढीही आता उताराला लागली आहे. त्यांच्या हयातीत साचा झाला तर चुका दाखवायला कुणीतरी असेल.

हे गतकातरतेचे लाड आहेत, असे म्हटले जाईल. काही अंशी आहेतही. पण एखाद्या समाजाने आपल्या राजांचे पुतळे उभारावेत आणि आपली घरे कशी होती हे विसरून जावे, तसे हे होऊ नये इतकेच आमचे मागणे. संपूर्ण गाडीचा हट्ट नाही. १:८७ च्या मापात एक डबा सुमारे २४.५ सेंटिमीटर भरतो. चोवीस डब्यांची गाडी जवळजवळ सहा मीटर होईल, ती मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात मावणार नाही. चार-पाच डब्यांची एखादी पॅसेंजर पुरे. पुढल्या एखाद्या यादीत, इंजिनाच्या नावाखाली बारीक अक्षरांत न दडपता, 'द्वितीय श्रेणी, अनारक्षित' अशी एक स्वतंत्र नोंद दिसावी. बाकीच्या यादीचे मग आम्ही निवांतपणे वाचन करू.