दर्शनी पट्टीच्या पाठीमागे

नागोठण्यास अंबा नदीवर जो जुना दगडी पूल आहे, तो चौलच्या काझी अलाउद्दीनाने १५८० च्या सुमारास बांधल्याची नोंद कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात सापडते. आणि त्याच्या अरुंद कठड्यांमधून जो एकदा पायी गेला, त्याला दोन्ही तीरांवरचे रस्ते कितीही प्रशस्त केले तरी रहदारीचा हिशेब अखेर पुलाच्या रुंदीनेच मांडावा लागतो, हे निराळे सांगावे लागत नाही. राउटरची कार्डे खरीदताना मात्र आमचे व्यवसायबंधू दर्शनी पट्टीवरील पोर्ट मोजतात आणि मागणीपत्रावर सही करतात. सिस्कोच्या ७६०० मालिकेत बसणारे ६७०८ हे कार्डच घ्या: समोर १० गिगाबिटचे ८ पोर्ट, परंतु पाठीमागे स्विच फॅब्रिककडे जाणारी वाट अवघी ४० गिगाबिटची. उत्पादकाने हे दडविले होते असे नव्हे. दस्तऐवज वाचण्याची तसदी किती जणांनी घेतली, हा मुद्दा वेगळा.

याहून उपेक्षित राहते ती कार्डावरील स्मृती. मार्गांचे मूळ दफ्तर मुख्य प्रोसेसरच्या कचेरीत असते. पण दर पॅकेटागणिक कचेरीत अर्ज करावयाचा तर कारभारच ठप्प होईल, म्हणून त्याची कामापुरती नक्कल कार्डावरील टीकॅम नावाच्या स्मृतीत उतरविलेली असते आणि नाक्यावरच्या कारकुनाप्रमाणे कार्ड स्वतःच्या अखत्यारीत निकाल देते. ही नक्कलवही केवढी, हे पोर्ट मोजून कळत नाही. त्याच ६७०८ च्या '३सी' प्रकारात आयपीव्ही४ चे २,५६,००० मार्ग मावतात, 'एक्सएल'मध्ये १०,००,०००. आणि या थोरल्या वहीतही मूळच्या वाटणीने आयपीव्ही४ च्या पदरी ५,१२,००० च पडत. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक मार्गसूचीने ती मर्यादा ओलांडली, तेव्हा वहीत न मावलेल्या मार्गांची पॅकेटे थेट कचेरीवर जाऊन आदळू लागली. वाटणी आधीच बदलून यंत्र एकदा पुन्हा सुरू केले असते तर भागले असते. परंतु चालत्या यंत्राला हात लावावयाचा नाही, हा आपल्याकडचा अलिखित कायदा.

जुन्या बाजारातून स्वस्तात कार्ड घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. एक्सएलच्या पंगतीत एक साधे '३सी' बसविले, की सबंध चौकट त्या धाकट्या वहीच्या मापाने चालू लागते. सबब कार्ड खाचेत सरकवून दोन्ही बाजूंच्या तरफा दाबण्यापूर्वी, पाठीवर बसविलेल्या छोट्या जोडकार्डाची चिठ्ठी उजेडात धरून वाचावी.