भिंतीवर टांगलेली नावं



भटजी बोलवा, अग्नीभोवती सात पावलं चाला, लग्न झालं! १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात आधी नोटीस नाही की कुणाची हरकत मागवणं नाही. पण भटजी नको, धर्म नको, जात नको, आम्ही दोन माणसं म्हणून लग्न करतो, असं म्हणत सरकारच्या दारात जा. सरकार तुमची नावं तीस दिवस भिंतीवर टांगतं.

हा विशेष विवाह कायदा, १९५४चा. अटी तशा साध्या. मुलगा २१चा, मुलगी १८ची. आधीचा नवरा किंवा बायको नको. संमती देण्याइतकं भान हवं. निषिद्ध नातं नको. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा. इथवर आपली तक्रार नाही.

कलम ६ मात्र नीट वाचा. नोटीस कचेरीत ठळक जागी लागणार. जोडप्यातलं कुणी दुसऱ्या जिल्ह्याचं कायम रहिवासी असेल, तर नक्कल तिथल्या कचेरीतही लागणार. नोटिशीत वय, धंदा, पत्ता, सगळं. म्हणजे पोरगी ज्यांच्या भीतीनं मुंबईला पळाली, त्यांनाच सरकार तिचा पत्ता देणार!

२०१३ साली नगर जिल्ह्यातल्या सोनईत तीन मेहतर तरुण मारले गेले. त्यातल्या एकाचं मराठा मुलीवर प्रेम होतं, एवढाच गुन्हा. २०१८ साली नाशिकच्या कोर्टानं खुन्यांना दोषी ठरवलं. तिथं नोटीससुद्धा लागली नव्हती. नुसती कुणकुण पुरली.

कलम ७ प्रमाणे हरकत कुणीही घ्यावी. बाप, भाऊ, गल्लीतला दादा. हरकत खोटी आणि खोडसाळ निघाली तर भरपाई किती? जास्तीत जास्त हजार रुपये. आपल्या पोरांच्या जिवाचा भाव हा!

म्हणे, फसवणूक टळावी म्हणून नोटीस. मग मांडवात फसवणूक होत नाही काय? पहिली बायको घरात ठेवून दुसरीला माळ घालणारे कमी आहेत? तिथं भिंत का नाही? कारण तिथं जात शाबूत राहते.

१९३६ साली बाबासाहेबांनी लिहून ठेवलं, जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न. त्या उपायाच्या वाटेवर या कायद्यानं जातीलाच पहारेकरी नेमलंय. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं सांगितलं, जोडप्याची इच्छा असेल तरच नोटीस लावा. निकाल चांगला. पण पुस्तकातलं कलम तसंच आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. नोटीस लावणारं कलम ६ आणि हरकतीचं कलम ७ काढून टाका. वयाचे कागद तपासा, शपथपत्र घ्या, खोटं निघालं तर खुशाल तुरुंगात घाला. पण नावं टांगू नका.

आणि तोवर? याच कायद्याला तीन साक्षीदार लागतात. घरच्यांनी तोडलेल्या पोरापोरींना ते कुठून मिळणार? ते आपण व्हायचं, दोस्तहो. सही करायची, आणि ते तीस दिवस त्यांच्या दारापुढं उभंही राहायचं.